झाडे किती? आणि किती अंतरावर?

आरे आणि कांजूरमार्ग ही मुंबई उपनगरांतील दोन नावे २०१९ ते २०२२ या काळात एकाच वादात गुंतली होती. मेट्रो-३ ची कारशेड कोठे बांधावी, हा तो वाद. ऑगस्ट २०१९ मध्ये महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने आरेतील २,१८५ झाडे तोडण्यास आणि ४६१ झाडे दुसरीकडे हलवण्यास संमती दिली. ४ ऑक्टोबरच्या रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गच्या मिठागराच्या जागेत नेण्याचे जाहीर झाले. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्या जागेच्या हस्तांतरणाला स्थगिती दिली, आणि २०२२ मध्ये कारशेड पुन्हा आरेत आली.

कारशेड कोठे हवी होती, याचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. आम्हाला परीक्षण करायचे आहे ते त्या वादात दोन्ही बाजूंनी वापरलेल्या मापाचे. ते माप म्हणजे झाडांची संख्या. एक बाजू म्हणे, इतकी झाडे मरतील. दुसरी म्हणे, त्याच्या कितीतरी पट रोपे लावू. कांजूरमार्गच्या जागेवर मोजण्याजोगी झाडे फारशी नसल्याने ती जागा अनेकांच्या लेखी आपोआप 'रिकामी' ठरली. या सगळ्या हिशेबात एक प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही : झाडे एकमेकांपासून किती अंतरावर होती, आणि त्यांच्या मधल्या जागेत काय वाढत होते?

वनशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही. झाड केवढे होईल, त्याचा आकार कसा असेल आणि त्याच्या पायथ्याशी गवत टिकेल की नाही, हे बरेचसे या अंतरावर ठरते.

एका आकड्याचे दोन अर्थ

प्रथम साधे गणित करू. वर दिलेले दोन आकडे मिळवले तर २,६४६ झाडे होतात. कारशेडची जागा ढोबळमानाने ३० हेक्टर धरू. म्हणजे हेक्टरी सुमारे ८८ झाडे. एका हेक्टरात १०,००० चौरस मीटर असतात. तेव्हा एका झाडाच्या वाट्याला सरासरी ११३ चौरस मीटर जागा आली. याचे वर्गमूळ काढले की दोन झाडांतील सरासरी अंतर मिळते. ते येते दहा-अकरा मीटर. आपल्याकडे हापूसची जुनी बाग १० मीटर × १० मीटर अंतरावर लावत. म्हणजे या जागेतील झाडांची सरासरी दाटी साधारण आंब्याच्या जुन्या बागेइतकी होती.

आता आरे वसाहतीचा पूर्ण विस्तार घ्या. तो सुमारे १,२८७ हेक्टर, आणि वृत्तपत्रांत तेथील झाडांचा आकडा वारंवार पाच लाख असा येत असे. तो खरा धरला तर हेक्टरी ३८८ झाडे, म्हणजे सरासरी अंतर पाच मीटर. एकाच वसाहतीतील ही दोन उत्तरे इतकी वेगळी का? कारण झाडे सरासरीने उगवत नाहीत. डोंगरउतारावर ती दाट असतात, सखल भागात विरळ. आरे वसाहत १९४९ मध्ये स्थापन झाली ती मुंबईतील गुरांचे गोठे शहराबाहेर हलवण्यासाठी. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या वसाहतीत दुधाबरोबर चाऱ्याचाही विचार होता, आणि तेथे पॅरा गवताची लागवड होती. म्हणजे ही भूमी एकसंध जंगल नव्हती, तसेच ओसाड माळही नव्हती. कोठे दाट झाडी, कोठे झाड आणि गवत यांचा शेजार, कोठे निव्वळ कुरण, असे तिचे रूप होते. 'हे जंगल आहे' आणि 'हे जंगल नाही' अशा दोन घोषणांत हे रूप मावले नाही.

अंतर झाडाला काय करते?

एकाच जातीची, एकाच वयाची रोपे एकाच मातीत दोन, पाच आणि दहा मीटर अंतरावर लावली असे समजा. वीस वर्षांनी आपल्याला काय दिसेल?

उंचीत फरक कमी दिसतो. दाटीचा उंचीवर होणारा परिणाम इतका थोडा असतो की जमिनीचा कस ठरवण्यासाठी वनशास्त्रज्ञ सर्वांत उंच झाडांच्या उंचीचाच आधार घेतात. बुंध्याच्या घेरात मात्र फरक मोठा पडतो. दाट लावलेली झाडे सोटासारखी सडपातळ राहतात, त्यांच्या खालच्या फांद्या सावलीत वाळून गळतात. विरळ लावलेल्या झाडांचा बुंधा जाड होतो, फांद्या खालपासून पसरतात, झाड डेरेदार होते. कारण सरळ आहे. पान जे अन्न बनवते त्यातून आधी श्वसन, मुळे आणि शेंड्याची वाढ भागते. उरेल ते बुंध्याच्या जाडीला मिळते. शेजाऱ्यांनी प्रकाश अडवला की पाने कमी होतात, आणि पहिली काटछाट जाडीत होते.

मग एकूण लाकूड कोठे जास्त? सुरुवातीची काही वर्षे दाट लागवडीत. पण हा फायदा टिकत नाही. शिनोझाकी आणि किरा या जपानी शास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये दाखवले की एका मर्यादेपुढे दाटी वाढवली तरी ठरावीक क्षेत्रातील एकूण उत्पन्न जवळपास तेवढेच राहते. फक्त ते जास्त रोपांत वाटले जाते. त्यानंतर १९६३ मध्ये योदा आणि सहकाऱ्यांनी दाटीतील मरीचा नियम मांडला. गर्दीत झाडे वाढू लागली की काही मरतात आणि उरलेली मोठी होतात. या नियमानुसार झाडांची संख्या एक-चतुर्थांश झाली की उरलेल्या प्रत्येकाचे सरासरी वजन आठपट झालेले असते. नियमातील नेमक्या घातांकावर पुढे बराच वाद झाला. मुख्य मुद्दा मात्र टिकून आहे : भरगच्च लागवडीत मोठी झाडे तयार होणे आणि अनेक झाडे मरणे या एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत.

आणि गवताला?

झाडाखालच्या गवताचा हिशेब प्रकाशापासून सुरू होतो. पानांच्या एकेका थरातून जाताना प्रकाश ठरावीक प्रमाणात घटत जातो, त्यामुळे दाट पर्णसंभाराखाली फारच थोडा प्रकाश पोचतो. मारवेल, पवना, कुसळी, पॅरा ही आपली गवते भर उन्हात जोमाने वाढणाऱ्या गटातील आहेत. सावलीची झळ त्यांना लवकर लागते.

वर्गात करता येईल असा एक हिशेब पाहा. झाडाच्या घेराचा व्यास ५ मीटर असेल तर त्याखाली सुमारे १९.६ चौरस मीटर जमीन झाकली जाते. झाडे १० मीटर अंतरावर असतील तर प्रत्येकाच्या १०० चौरस मीटरपैकी सुमारे २० टक्के जागेवर छत्र आले. अंतर ५ मीटर असेल तर प्रत्येकाच्या वाट्याच्या २५ चौरस मीटरपैकी ७८ टक्के. म्हणजे अंतर निम्मे केले की छत्र चौपट होते. हे छत्र दरवर्षी वाढत जाते. म्हणून झाडे आणि कुरण एकत्र ठेवण्याच्या पद्धतीत, म्हणजे वनकुरणात, अंतराचा प्रश्न लागवडीच्या दिवशी सुटत नाही. पाचव्या वर्षी योग्य असलेले अंतर पंधराव्या वर्षी गवताचा घास घेऊ शकते.

हवामानाचाही यात मोठा वाटा आहे. राजस्थानच्या कोरड्या भागात खेजडीच्या झाडाखाली बाजरी चांगली येते. तेथे ऊन मुबलक आणि ओलावा दुर्मीळ, म्हणून थोडी सावली उपकारक ठरते. मुंबई-ठाण्यात परिस्थिती उलट आहे. वर्षाचा दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. गवताची वाढ याच काळातली, आणि आकाश ढगांनी भरलेले. पाण्याला तोटा नसतो, तोटा प्रकाशाचा असतो. शिवाय आपली पानझडी झाडेही नेमकी तेव्हाच पानांनी भरलेली असतात. म्हणून एका प्रदेशातील अंतराचे कोष्टक दुसऱ्या प्रदेशात उचलून नेता येत नाही.

कोकण-ठाण्याच्या शेतकऱ्याने या अडचणीवर आपला तोडगा काढला होता. वरकस जमिनीत ऐन, किंजळ यांसारखी झाडे राखायची, राबासाठी त्यांच्या फांद्या वेळोवेळी तोडायच्या आणि मधले गवत कापायचे. एके काळी मुंबईच्या तबेल्यांना ठाणे जिल्ह्यातून गवताचे भारे जात. फांद्या तोडलेल्या झाडाचा घेर पावसाळ्याच्या तोंडाशी लहान असतो, त्यामुळे गवताला प्रकाश मिळतो. झाडांतील मीटर तेच राहतात, पण गवताच्या दृष्टीने अंतर वाढलेले असते. कोयता हेही अंतर राखण्याचे साधन आहे, ही गोष्ट आमच्या शास्त्रीय कोष्टकांत क्वचितच उतरते.

प्रयोगांचीही तपासणी हवी

अंतराचे प्रयोग जगात पुष्कळ झाले आहेत. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआजवळ टिकिटेरे येथे १९७३ मध्ये मेंढ्यांच्या कुरणात रेडियाटा पाइनची झाडे लावून हेक्टरी ५०, १००, २०० आणि ४०० अशा दाटीची तुलना केली गेली. विरळ झाडे जाड झाली, पण त्यांच्या फांद्याही जाड झाल्या आणि लाकडाचा दर्जा घसरला. दाट तुकड्यांत लाकूड बरे मिळाले, पण मेंढ्यांचे कुरण हळूहळू नाहीसे झाले. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक ठिकाणी हेक्टरी १०० आणि ४०० झाडांची कुरणे आणि तुलनेसाठी २,५०० झाडांचे वन असा प्रयोग उभारला गेला. पहिल्या दहा वर्षांत तेथील कुरणांचे उत्पन्न फारसे घटले नाही. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. झाडांचे वय, जात आणि हवामान सांगितल्याशिवाय त्यातला एकच पुढे करणारा माणूस मात्र अर्धेच सांगतो.

प्रयोगाच्या आखणीतही खाचखळगे असतात. जॉन नेल्डर या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये एक सुरेख आखणी सुचवली. बैलगाडीच्या चाकासारखे आरे आखायचे आणि एकाबाहेर एक कडी काढून प्रत्येक छेदावर एक झाड लावायचे. केंद्रापासून दूर जावे तसे झाडाच्या वाट्याला अधिक जागा येते. थोड्या जागेत अनेक अंतरे एकदम तपासता येतात. झाडांसाठी ही युक्ती उत्तम आहे. पण मधले एक झाड मेले की शेजारच्या सर्वांचे अंतर बिघडते. आणि कुरणाचा अभ्यास करायचा तर अडचण आणखी वाढते : गुरांना एकाच कड्यात चरायला सांगता येत नाही. ती उन्हाच्या वेळी दाट सावलीत जाऊन बसतात. तेथील गवत तुडवले जाते, शेणही तेथेच पडते. मग गवत कमी झाले ते सावलीने की खुरांनी, हे वेगळे काढता येत नाही. झाडांची वाढ मोजणारी आखणी कुरणाला लावताना हा भेद विसरला जातो, ही आमची या क्षेत्रातील संशोधनाविषयीची मुख्य तक्रार आहे.

लागवडीचे अंकगणित

आता आपल्या राज्यातील वृक्षारोपणाकडे वळू. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले. ३३ कोटी झाडांना जमीन किती लागते? दोन मीटर अंतराने १.३२ लाख हेक्टर, पाच मीटरने ८.२५ लाख हेक्टर, दहा मीटरने ३३ लाख हेक्टर. शेवटचा आकडा राज्याच्या क्षेत्रफळाच्या एक-दशांशाहून अधिक आहे. म्हणजे '३३ कोटी' हा शब्द ऐकून आपल्याला भूमीविषयी काहीच कळत नाही. उत्तर पंचवीसपट बदलू शकते. जे माप इतके ताणता येते, त्याला आम्ही माप म्हणायला तयार नाही.

मुंबईत २०२० पासून महानगरपालिकेने मियावाकी पद्धतीची छोटी वने लावली. अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या पद्धतीत स्थानिक जातींची रोपे चौरस मीटरला तीन-चार अशी दाट लावतात. हेक्टरी हिशेब केला तर ही संख्या तीस-चाळीस हजारांवर जाते. शहरातील चिंचोळ्या तुकड्यावर धूळ आणि आवाज अडवणारा हिरवा पडदा लवकर हवा असेल तर ही पद्धत उपयोगी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण वर सांगितलेला दाटीतील मरीचा नियम येथेही चालतोच, आणि तो या पद्धतीत गृहीतच धरलेला आहे. म्हणून लावलेल्या रोपांची संख्या 'झाडे' म्हणून जाहीर करणे चुकीचे आहे. मोठ्या झाडांच्या मोबदल्यात अशी रोपे एकास तीन किंवा एकास दहा मोजणे तर अधिकच चुकीचे. दहा मीटर अंतरावरच्या डेरेदार झाडाची जागा अर्ध्या मीटरवर उभ्या असलेल्या दहा काड्या घेत नाहीत. त्या दहांत मिळून पुढे कदाचित एकच मोठे होईल, आणि त्याच्या पायथ्याशी गवताची काडी उगवणार नाही.

सर्वांत मोठे नुकसान होते ते जेथे झाडे स्वभावतःच विरळ असतात तेथे. पश्चिम महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या पट्ट्यातील माळराने कागदोपत्री बहुधा 'पडीक' असतात, आणि पडीक जमीन म्हणजे दाट लागवडीला मोकळी जागा असे मानले जाते. पण हे माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचे अवशेष आहेत का? आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या मराठी वाङ्मयातील आणि लोकपरंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. तेराव्या शतकापासूनच्या या उल्लेखांत माळरानाच्या, उघड्या गवताळ प्रदेशाच्या खुणा सापडतात. म्हणजे गवतात विखुरलेली बाभूळ-बोरी हे त्या भूमीचे निदान साडेसातशे वर्षांचे रूप आहे. तेथे दोन-दोन मीटरवर खड्डे खणले तर झाडांचा आकडा वाढेल. धनगराच्या मेंढ्यांचा चारा आणि माळावर घरटे करणारे पक्षी यांची बेरीज मात्र कोणत्याच अहवालात वजा झालेली दिसणार नाही.

कांजूरमार्गच्या मिठागरालाही हाच तर्क लागू होतो. खारट जमीन आणि भरती-ओहोटीच्या सान्निध्यातील उथळ पाणी यांत सामान्य झाडे उभी राहत नाहीत. तेथे झाड नसणे हा त्या भूमीचा गुण आहे. झाडे मोजणाऱ्या मापाने आरेतील गवत दिसले नाही, तसेच कांजूरमार्गचे खाजणही दिसले नाही. दोन्ही ठिकाणी दोष एकाच मापाचा होता.

शाळेत काय करता येईल?

शिक्षकांना आमची विनंती आहे की पुढच्या जुलैत शाळेच्या आवारात रोपे लावताना वहीत चार रकाने आखावेत : रोपाची जात, शेजारच्या रोपापासून अंतर, मधल्या जागेत आज काय वाढते, आणि दर वर्षी बुंध्याचा घेर. जगलेली आणि मेलेली रोपे दोन्ही नोंदावीत. तीन वर्षांत विद्यार्थ्यांच्या हाती कोणत्याही घोषणेपेक्षा भक्कम माहिती येईल.

नेल्डरचे चाक तर एका पावसाळ्यात करून पाहता येते. मैदानाच्या कोपऱ्यात खुंटी ठोका, दोरीने ३०-३० अंशांवर बारा आरे आखा. केंद्रापासून ५०, ७०, ९८, १३७, १९२ आणि २६९ सेंटिमीटरवर सहा कडी काढा आणि प्रत्येक छेदावर अंबाडीचे एक रोप ठेवा. सर्वांत आतले आणि सर्वांत बाहेरचे कडे राखणीचे. ते मोजायचे नाही. उरलेल्या चार कड्यांत सर्वांत बाहेरच्या रोपाला सर्वांत आतल्यापेक्षा साडेसातपट जागा मिळते. दसऱ्याच्या सुमारास प्रत्येक रोपाची उंची आणि खोडाचा घेर मोजून आलेख काढा. दोन्ही रेषा एकसारख्या चढतात का? आऱ्यांच्या मधले गवत खुडून कडीवार वजन करा. एखादे रोप मेले असेल तर त्याच्या शेजाऱ्यांचे आकडे ठेवायचे की गाळायचे, यावर वर्गात चर्चा होऊ द्या. संशोधकांनाही तीच चर्चा करावी लागते.

एवढे केलेल्या मुलांसमोर उद्या कोणी 'आम्ही इतकी झाडे लावली' असे म्हणाले, तर ती टाळ्या वाजवण्याआधी दोन प्रश्न विचारतील : किती अंतरावर, आणि तेथे आधी काय उगवत होते? एवढे त्यांनी विचारले, तर विज्ञानाच्या तासाचे काम झाले असे आम्ही समजू.